पर्सुएजन २४ आला म्हणून पॅलाडिनने ऐकायलाच पाहिजे का?

खाजनकर

मंडळी, जरा डोकं लावा. आमचा फोंड्याला रविवारचा डीएनडीचा (डंजन्स अँड ड्रॅगन्स, कॅरॅक्टर घेऊन फासे टाकत खेळायचा गोष्टीचा खेळ) ग्रुप आहे, फिफ्थ एडिशन, २०१४ ची पुस्तकं, डीएम, म्हणजे गोष्ट चालवणारा, मी. कॅम्पेन घरचंच, समुद्राकाठचं राज्य, खाड्या, खाजनं (खाडीकाठची बांध घातलेली शेतं), देवळं, जहाजातून येणारे परके व्यापारी, म्हणजे कुठून उचललंय ते सांगायला नको. तर गेल्या सेशनला पार्टीच्या हाती एक समुद्री चाचा जिवंत लागला. बार्ड (गाणारा, गोडबोल्या) म्हणतो सोडूया ह्याला, तळ कुठे आहे तो दाखवेल. पॅलाडिन (शपथेला बांधलेला योद्धा) म्हणतो अजिबात नाय, ह्याने देवळाचा पुजारी मारलाय, ह्याला कोतवालाकडेच द्यायचा. इथपर्यंत काय रंगलं होतं म्हणून सांगू, बाकीच्यांचा चहा गार झाला तरी कोणाचं लक्ष नाही. आणि मग बार्डवाल्याने फासा उचलला, टाकला, वीसबाजू फाशावर सतरा अधिक त्याचे पर्सुएजनचे, म्हणजे पटवायच्या स्किलचे, सात, "पर्सुएजन चोवीस, पटला तू."

पॅलाडिनवाला म्हणाला मी कशाला पटू. बार्डवाला म्हणाला मग मी करिझ्मा (छाप पाडायची ताकद) अठरा कशाला घेतला, तुझी तलवार मला लागते ना, मग माझं बोलणं तुला का लागू नये. झालं, सेशन तिथेच थांबलं.

माझं मत आधीच सांगतो, पीसीने, म्हणजे प्लेअरच्या कॅरॅक्टरने, काय करायचं हे त्याचा प्लेअर ठरवणार, फासा नाही. पण बार्डवाल्याचा प्रश्न मला उडवून लावता येत नाहीये, तो प्रश्न खरा आहे. तुमच्या टेबलवर काय करता?

तिसरीआवृत्ती

खाजनकरबाब, तुम्ही बरोबर आहात आणि हे भांडण तुमच्या-आमच्या आधीपासूनचं आहे. १९७४ च्या मूळ खेळात पर्सुएजन नावाचं काही नव्हतंच. करिझ्मा होता, आणि मॉन्स्टर समोर आला की दोन सहाबाजू फासे टाकून त्याची रिॲक्शन बघायची. १९८१ च्या बेसिकमधलं टेबल बघा, २ पडले की सरळ हल्ला, १२ पडले की गळ्यात गळे, मधले ६ ते ८ म्हणजे गडी अजून ठरवतोय. हा फासा कोणासाठी पडतो? ज्याला प्लेअर नाही त्याच्यासाठी. त्याच्या मनात काय आहे हे डीएमलाही माहीत नसतं म्हणून.

मग २००० साली थर्ड एडिशन आली, डिप्लोमसी, ब्लफ, इंटिमिडेट, सेन्स मोटिव्ह सगळी वेगवेगळी स्किल्स झाली, आणि ३.५ मध्ये तर छापील टेबल, होस्टाईल माणसाला हेल्पफुल करायचा तर डीसी, म्हणजे गाठायचा आकडा, ५०. ऐकायला अशक्य वाटतं पण बोनसवर बोनस चढवत गेलं की पुढच्या लेव्हलना जमायचं, आणि मग त्या कॅरॅक्टरने तोंड उघडलं की दुश्मन शस्त्रं टाकून मिठ्या मारत सुटायचे. त्यातही वृत्ती बदलायची ती एनपीसीचीच, म्हणजे डीएम चालवतो त्या पात्रांचीच. पाथफाईंडर ह्या दुसऱ्या खेळाच्या सेकंड एडिशनने (२०१९) तर साफ लिहून टाकलंय की ह्या स्किल्सनी पीसीची वृत्ती कोणालाच कधीच बदलता येत नाही. विषय संपला.

एक गंमत बघा, तुमच्याच २०१४ च्या डीएम्स गाईडमध्ये एनपीसीसाठीसुद्धा मर्यादा आहे. फ्रेंडली, इंडिफरंट, होस्टाईल अशा तीन वृत्ती आणि डीसी ०, १०, २०. होस्टाईल माणसासमोर वीसच्या वर गेलात तरी तो काय करतो, तर स्वतःला काही धोका नसेल, काही गमवावं लागणार नसेल तेवढंच करतो. त्याच्या वर त्या टेबलमध्ये खानाच नाही. हे पान कोणी वाचत नाही आणि मग नॅट ट्वेंटी (फाशावरच वीस) आला म्हणून राजा मुकुट काढून देतो. नॅट ट्वेंटीने आपोआप जमतं हा नियम हल्ल्याला आहे, ॲबिलिटी चेकला नाही. किती वर्षं सांगतोय.

डिचोलीचा_गोब्लिन

नियमात काय आहे ते ठीक, पण बार्डवाल्याच्या प्रश्नाला बगल दिलीत तुम्ही दोघांनी. विझार्डने सजेशन हा मंत्र टाकला, पॅलाडिनचा विस्डम सेव्ह (जादू झटकायचा फासा) हुकला, की पॅलाडिन गुमान सांगितलं ते करतो, तेव्हा कोणी म्हणत नाही माझा हक्क गेला. तेच काम बार्डने जादूशिवाय नुसतं गोड बोलून करायचं म्हटलं की लगेच सगळ्यांना हक्क आठवतात. मग लोक फायटर आणि विझार्डच घेणार ना, बार्ड कोण घेईल.

आणि दुसरं, खऱ्या आयुष्यात आपण नेहमी मनापासून पटूनच हो म्हणतो का? कितीतरी वेळा नको असताना हो म्हणून बसतो आणि घरी येऊन कपाळाला हात लावतो. पीसी तेवढे कायम ठाम, कोणाच्या बोलण्याने इंचभर हलत नाहीत, हे खोटं नाय वाटत तुम्हाला? खरं म्हणजे प्लेअर "माझा पॅलाडिन पटत नाही" म्हणतो तेव्हा शंभरातल्या नव्वद वेळा तो स्वतः हट्टाला पेटलेला असतो, पॅलाडिन बिचारा मधल्यामध्ये.

खाजनकर

गोब्लिन, शेवटच्या वाक्यावर हसलो, पूर्ण चूक नाही ते.

पण जादूचं म्हणशील तर जादूला किंमत आहे. सजेशनला सेकंड लेव्हलचा स्लॉट, म्हणजे मोजक्या मंत्रांतला एक, जातो, कॉन्सन्ट्रेशन धरून ठेवावं लागतं, समोरच्याला सेव्ह मिळतो. चार्म पर्सन उतरला की समोरच्याला कळतं ह्याने माझ्यावर जादू केली, मग पुढचं निस्तरा. पर्सुएजनला काय लागतं? काही नाही. फुकटात, दिवसभर, दर दोन मिनिटांनी टाक. असं हत्यार पीसीवर चालायला लागलं तर टेबलवर एकाच माणसाचा खेळ होईल, बाकीचे त्याच्या मागून चालणार.

नाटकवेडी

मला ह्यातली दुसरी बाजू मांडायची आहे, अवांतर वाटलं तर माफ करा पण मला नाही वाटत अवांतर आहे.

मी वाळपईकडची. गावच्या जत्रेतल्या नाटकात लहानपणापासून उभी राहतेय, कला अकादमीच्या मराठी नाट्यस्पर्धेतही कामं केलीत, त्यामुळे टेबलवर बोलायला मला काही वाटत नाही. माझी बार्बेरियन, करिझ्मा आठ. आणि तरी प्रत्येक सरदाराशी, प्रत्येक पहारेकऱ्याशी बोलायला सगळे मलाच पुढे करतात, मी दोन वाक्यं टाकली की डीएम खूश होऊन म्हणतो चल, रोलची गरजच नाही. आमच्या टेबलवर एक मुलगा आहे, सॉर्सरर, करिझ्मा अठरा, पण स्वतः अगदी कमी बोलतो, चारजणांसमोर वाक्य जुळवायला त्याला वेळ लागतो. तो "मी त्याला समजावतो" एवढंच म्हणाला तर डीएम विचारणार, "नक्की काय बोलतोस ते बोलून दाखव." अहो, मला नाही कधी कुऱ्हाड फिरवून दाखवायला सांगत!

तेव्हा "रोलच नको, नुसतं रोलप्ले करा" म्हणणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे की त्याचा फायदा माझ्यासारख्यांना होतो. २०१४ च्या प्लेअर्स हँडबुकमध्येच दोन्ही तऱ्हा दिल्यात, कॅरॅक्टरच्या तोंडून बोला किंवा तो काय बोलतो त्याचं वर्णन करा, दोन्ही चालतं. आता आमच्याकडे डीएम विचारतो ते असं, कोणाला गाठतोस, नेमकं काय मागतोस, आणि त्याने का ऐकावं. बस्स. हे तो मुलगा सहज सांगतो, आणि खरं सांगू, माझ्यापेक्षा चांगलं सांगतो, कारण मी शब्दांच्या फुलबाज्या उडवत असते आणि तो समोरच्या माणसाला काय हवंय ते बघत असतो.

तिसरीआवृत्ती

नाटकवेडीताई, दंडवत. कुऱ्हाडीचा मुद्दा चोरतोय.

खाजनकर

ताई, अवांतर कुठलं, मुद्दा इथेच आहे. "का ऐकावं" ह्याच्यावर आमच्या टेबलवरचाच एक प्रसंग सांगतो, जरा लांब आहे.

पार्टीला चाच्यांच्या होड्या खाजनाच्या आतल्या पाण्यात अडकवायच्या होत्या. त्यासाठी एका रात्री भरतीला मानशीचं दार उघडं राहायला पाहिजे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मानस म्हणजे बांधातलं लाकडी दार, ओहोटीला आतलं पाणी बाहेर ढकलून उघडतं आणि भरती आली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने आपोआप मिटतं, म्हणून खारं पाणी शेतात येत नाही. ओहोटीच्या पाण्याबरोबर जी मासळी येते ती तिथे जाळं लावून धरतात, आणि त्या मासळीचा हक्क लिलावात जातो. तर माझा एनपीसी म्हणजे तो लिलाव घेतलेला माणूस, मानशीच्या बाजूला खोपटात राहणारा, कमरेला पंचा, तोंडात विडी, बोलणं तुटक.

बार्ड नेहमीप्रमाणे पुढे. तुम्ही वीर आहात, राज्य तुमचं नाव काढील, वगैरे वगैरे. मी म्हटलं रोल नको, तो तुझ्याकडे बघून विडी ओढतोय. बार्डवाला चिडला. पण मी त्या माणसासाठी आधीच लिहून ठेवलं होतं, नाव निघालं काय नि न निघालं काय, त्याला घेणं-देणं नाही. मग पॅलाडिनने सरळ विचारलं, दार बांधून ठेवलंस तर तुझं काय होईल? तेव्हा तो बोलला. भात कापणीला आलंय, खारं पाणी आत आलं तर गावकार मला सोडायचे नाहीत, पुढच्या वर्षीचा लिलाव विसरायचा. आता पार्टीला कळलं की ह्याला भीती चाच्यांची नाहीच, गावकारांच्या बैठकीची आहे. विझार्डने काय केलं, देवळाच्या शिक्क्याचं पत्र देतो म्हणाली, शेताचं नुकसान झालं तर भरपाई देवळाकडून. आता मी म्हटलं टाका, डीसी पंधरा. जमलं तर अर्धी भरती दार बांधून ठेवेल. नाही जमलं तरी ठेवेल, पण कोणाला तरी गावकारांकडे पिटाळून मगच, म्हणजे मध्यरात्री बांधावर मशाली घेऊन पंधरावीस माणसं हजर.

बारा पडले. मशाली आल्या. आमच्या कॅम्पेनमधली सगळ्यात भारी रात्र ती, आणि त्यात पार्टीने काय मागितलं, काय देऊ केलं, हे सगळं त्यांचं. फाशाने फक्त किती महाग पडलं ते ठरवलं.

रापणकार

वा पात्रांव, मानस आणि डीएनडी एका धाग्यात वाचायला मिळेल असं वाटलं नव्हतं.

मला हे आपल्याकडे देवाला कौल लावतात तसं वाटतं. काय विचारायचं ते आधी ठरवून जातो, उजवी पाकळी पडली तर काय, डावी पडली तर काय, हे पाकळ्या लावायच्या आधी सगळ्यांना माहीत असतं. आणि जे आपल्याच हातात आहे ते कोणी देवाला विचारत नाही, मी दुपारी भात जेवू का म्हणून कौल मागितला तर भटजी बाहेर काढील. तुमच्या बार्डने नेमकं तेच केलं, जे पॅलाडिनच्या हातात होतं त्याचा कौल लावला, आणि तेही न विचारता, पाकळी पडल्यावर प्रश्न सांगितला. हलकेच घ्या.

तिसरीआवृत्ती

रापणकारबाब, गंमत म्हणजे २०२४ च्या नव्या पुस्तकात जवळपास हेच आलंय. इन्फ्लुअन्स म्हणून ॲक्शन आहे. डीएमने आधी ठरवायचं की समोरचा विलिंग आहे, अनविलिंग आहे की हेझिटंट. विलिंग असेल तर रोल नाही, करून टाकतो. अनविलिंग असेल तरी रोल नाही, करत नाही. फक्त काचकूच करणाऱ्यासाठी फासा, डीसी १५ किंवा त्याची इंटेलिजन्स, जे जास्त असेल ते. आणि हुकलात तर त्याच पद्धतीने परत विचारायला २४ तास थांबायचं. हा शेवटचा नियम तर मी जुन्या टेबलवरही लावतो, नाहीतर एक हुकला की लगेच दुसरा म्हणतो मी पण ट्राय करतो, मग तिसरा, पाचजण ओळीने टाकतात आणि कोणाचा तरी लागतोच.

म्हापशेकार

सगळे डीएनडीतच अडकलाय म्हणून बाहेरचं थोडं टाकतो, कारण पीसीने पीसीला पटवायचं कसं ह्यावर बाकीच्या गेम्सनी जास्त विचार केलाय.

२०१० च्या अपोकॅलिप्स वर्ल्डमध्ये समोरचा पीसी असेल तर पटवणारा जिंकला तरी "तू हे कर" असं होत नाही. ऐकलंस तर एक्सपिरियन्स मिळेल, नाही ऐकलंस तर आगीत उभं राहून काम केल्यासारखा रोल करावा लागेल. रोल चांगला असेल तर दोन्ही लागू, मध्यम असेल तर एकच. म्हणजे आमिष किंवा अडचण, निर्णय प्लेअरचा. फेटमध्ये डीएम तुझ्या स्वभावावर बोट ठेवून पॉईंट पुढे करतो, घे आणि वाकड्यात जा, किंवा तुझा एक पॉईंट दे आणि सुट. बर्निंग व्हीलमध्ये मात्र चक्क वादाची लढाई आहे, ड्युएल ऑफ विट्स, आणि हरलात तर पीसी असलात तरी वादात जे पणाला लावलं ते पाळायचं, पण जिंकणाऱ्याचंही काही ना काही गेलेलं असेल तर तडजोड द्यावी लागते, आणि मुख्य म्हणजे वादात उतरायचं की नाही, कशावर उतरायचं, हे आधी कबूल झालेलं असतं.

आणि पेंड्रॅगन, १९८५ चं, माझं लाडकं. तिथे तुझ्या सरदाराचे गुण-अवगुण जोडीने लिहिलेले, दोन्हींची बेरीज वीस. एखादा गुण सोळा किंवा वर गेला की कसोटीच्या वेळी फासा टाकावाच लागतो आणि तो म्हणेल तसं वागावं लागतं. म्हणजे इथे फासा पीसीच्या मनावर चालतो, पण का चालतो, तर इतके दिवस तूच तसा वागत आलास म्हणून. मला ते बोचत नाही. परक्याच्या सतरा अधिक सातपेक्षा हे कितीतरी बरं.

खाजनकर, तुला फिफ्थमध्ये करायचं असेल तर सोपं आहे, इन्स्पिरेशन (छान खेळल्याबद्दल डीएम देतो ते फाशाला मदत करणारं बक्षीस) तसंही सगळे विसरतात. बार्डचा रोल लागला तर पॅलाडिनवाल्याला विचार, मनात चलबिचल झाली असं खेळतोस का, खेळलास तर इन्स्पिरेशन घे. नाही म्हणाला तर नाही, काही दंड नको.

थाप मारणं मात्र मी वेगळं धरतो. रोगने (चोरट्या कॅरॅक्टरने) पॅलाडिनला शेंडी लावली आणि इन्साईट (समोरच्याचं मन ओळखायचा फासा) हुकला, तर "तुला तो खोटा वाटत नाहीये" एवढं डीएमने सांगायला हरकत नाही, कारण ती डोळ्याला काय दिसलं त्याची गोष्ट आहे. त्यावर पुढे काय करायचं ते पॅलाडिनवाला बघेल.

डिचोलीचा_गोब्लिन

इन्स्पिरेशनवालं चालेल मला. बार्डवाल्याला निदान आपण टाकलेल्या फाशाचं काहीतरी झालं असं तरी वाटेल, आत्ता त्याला "बस खाली" म्हणून सांगितल्यासारखं होतंय. बाकी पेंड्रॅगनवरून माझाच मुद्दा सिद्ध होतो, पीसीच्या मनावर फासा चालू शकतो, फक्त टेबलने आधी मान्य केलेलं पाहिजे. मग सेशन झीरोला, म्हणजे खेळ सुरू व्हायच्या आधीच्या बैठकीला, विचारा ना, कोणाकोणाला चालेल. आमच्याकडे चौघांना चालतं, एकीला नाही, तिच्यावर टाकत नाही, झालं.

खाजनकर

हे बोललो दोघांशी फोनवर. बार्डवाला इन्स्पिरेशनला लगेच तयार. पॅलाडिनवाला म्हणाला चाचा सोडणार नाही, पण कोतवालाकडे द्यायच्या आधी त्याला तळ विचारायला एक रात्र देतो, आणि ती रात्र पहाऱ्यावर मी बसणार. बार्डवाला म्हणे मग पहाऱ्यावर मीपण. म्हणजे पुढचं अर्धं सेशन तयार झालं, मला काही लिहावंच लागलं नाही.

नवीनफासा

नमस्कार, मी नवीन आहे, पेडण्याला आम्ही कॉलेजमधले पाचजण खेळतो. ह्याच्याच जवळचं विचारते. मी इन्साईट टाकला, वीस आला, डीएम म्हणाला "तो खरं बोलतोय." मी म्हटलं तरी माझा त्याच्यावर विश्वास नाही. तर सगळे म्हणतात वीस आलाय, आता शंका घेणं म्हणजे मेटागेमिंग (प्लेअरला माहीत असलेलं कॅरॅक्टरने वापरणं). असं असतं का? आणि दुसरा प्रश्न, माझी फायटर तगडी आहे पण करिझ्मा नऊ, तिने टेबल उचलून आपटलं तरी इंटिमिडेशन, म्हणजे धाक दाखवणं, करिझ्मावरच का?

नाटकवेडी

बाय, पहिल्याचं मी सांगते. डीएमने निकाल देऊ नये, दिसतं ते द्यावं. "तो खरं बोलतोय" असं नको. "तो तुझ्या डोळ्यात बघून बोलतोय, पण भावाचं नाव निघालं की हात पंचाला पुसतो" असं सांगितलं की बघ तुला किती मिळतं, आणि त्यावरून काय समजायचं ते तुझं तू ठरव. वीसवर दोन गोष्टी दिसतील, आठवर एखादीच, किंवा भलतीच. आणि माणूस खरं बोलत असला तरी त्याच्यावर विश्वास ठेवायचा की नाही हे वेगळंच असतं ना? मेटागेमिंगबिटागेमिंग काही नाही.

डिचोलीचा_गोब्लिन

दुसऱ्याचं मी. २०१४ च्या प्लेअर्स हँडबुकमध्ये सातव्या चॅप्टरला पर्यायी नियम आहे, स्किल दुसऱ्या ॲबिलिटीबरोबर वापरता येतं, आणि उदाहरणही तेच दिलंय, स्ट्रेंग्थवर इंटिमिडेशन. डीएमला पान दाखव. पण टेबल आपटल्यावर तो माणूस घाबरून काय करेल ते डीएमला आधी ठरवायला सांग, घाबरलेला माणूस खरं बोलतोच असं नाही, आमच्याकडच्याने खिडकीतून उडी मारली होती.